विचाराला वजन कोण देतं?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मेंदूविकारतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याचं खरं नाव दमासिओंनी कधी जाहीर केलं नाही; आपल्या पुस्तकात त्यांनी त्याला एलियट म्हटलं आहे. वय तिशीतलं, चांगली नोकरी, सुखाचा संसार, धाकट्या भावंडांनी आदर्श मानावा असा माणूस. त्याच्या कपाळामागे, मेंदूच्या आवरणात, लहान संत्र्याएवढी गाठ वाढली होती. ती कर्करोगाची नव्हती. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली. तिच्या दाबाने खराब झालेला मेंदूचा काही भागही काढावा लागला. एलियट बरा होऊन घरी गेला. चालणं, बोलणं, स्मरणशक्ती, हिशेब सगळं शाबूत होतं. बुद्धीच्या चाचण्यांमध्ये तो सरासरीपेक्षा वरचढ ठरला.

आणि तरीही त्याचं आयुष्य उसवत गेलं. कामावर कागदपत्रं लावायला बसला, की ती तारखेप्रमाणे लावावीत, आकाराप्रमाणे की विषयाप्रमाणे, याच विचारात दुपार सरायची. नोकरी सुटली, मग दुसरीही सुटली. जवळच्यांनी बजावूनही तो बदलौकिक असलेल्या माणसाबरोबर धंद्यात पडला आणि साठवलेली पुंजी घालवून बसला. घटस्फोट झाला, दुसरं लग्न केलं, तेही मोडलं. अपंगत्वाचा भत्ता मागितला तर तो नाकारला गेला, कारण कागदावर या माणसात काहीच उणं दिसत नव्हतं.

दमासिओ त्याच्याशी तासन्‌तास बोलले, तेव्हा उणं काय आहे ते हळूहळू ध्यानात आलं. ही सगळी कर्मकहाणी सांगताना एलियटच्या बोलण्यात ना खंत होती, ना चीड, ना हताशा. ऐकणाऱ्या डॉक्टरांनाच जास्त यातना होत होत्या. पडती घरं, जळती घरं, जखमी माणसं अशी चित्रं त्याला दाखवली. पूर्वी अशा गोष्टींनी आपलं मन हलायचं, आता हलत नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं. एखादा सामाजिक पेच समोर ठेवला, की तो एकामागून एक पर्याय सुचवायचा आणि प्रत्येकाचे परिणाम नीट सांगायचा. पण एवढं करूनही यातलं नेमकं काय निवडायचं, ते त्याला ठरवता येत नसे.

भावना बाजूला सारली की विचार शुद्ध होतो, असं आपण धरून चालतो. एलियटच्या बाबतीत भावना खरोखरच बाजूला झाली होती. त्याने विचार शुद्ध झाला नाही, तो कुठे पोचेनासा झाला. मेंदूविज्ञानाने गेल्या तीनचार दशकांत दाखवून दिलेली ही एक मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्या घरात, शाळेत, दवाखान्यात पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सारथी, घोडे आणि तीन मेंदूंची कहाणी

बुद्धी आणि भावना या दोन वेगळ्या शक्ती आहेत आणि एकीने दुसरीला ताब्यात ठेवायचं असतं, ही समजूत फार जुनी आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी, असं रूपक आहे. ग्रीसमध्ये प्लेटोनेही ‘फीड्रस’ या संवादात आत्म्याचं वर्णन दोन घोडे आणि त्यांना हाकणारा सारथी असं केलं. या रूपकांमध्ये बरेच बारकावे आहेत, पण लोकांच्या मनात त्यांतलं एकच सूत्र टिकलं: घोडे आंधळे, सारथी शहाणा. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने उलट बाजू मांडली. कुठे जायचं हे बुद्धी एकटी ठरवूच शकत नाही, ध्येय भावनाच पुरवते, असं त्याचं म्हणणं होतं. ते तत्त्वज्ञानाच्या वर्तुळात गाजलं. घराघरांत मात्र ‘भावनेच्या आहारी जाऊ नकोस’ हाच उपदेश चालत राहिला.

विसाव्या शतकात या समजुतीला शरीरशास्त्राचा पोशाख मिळाला. पॉल मॅक्लीन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात तीन मेंदूंची कल्पना मांडली. सगळ्यात आत सरपटणाऱ्या प्राण्यांकडून आलेला उपजत प्रेरणांचा मेंदू, त्याच्याभोवती जुन्या सस्तन प्राण्यांचा भावनांचा मेंदू आणि सगळ्यात वर विचार करणारा नवा मेंदू. कार्ल सेगन यांच्या १९७७ सालच्या ‘द ड्रॅगन्स ऑफ ईडन’ या पुस्तकामुळे ती जगभर पोचली. आजही रागावलेल्या माणसाच्या डोक्यात ‘सरड्याचा मेंदू’ जागा झाला, असं भाषणांतून सांगितलं जातं.

पण निरनिराळ्या प्राण्यांच्या मेंदूंचा तौलनिक अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ही कल्पना आता मानत नाहीत. मासे, सरडे, पक्षी आणि सस्तन प्राणी या सगळ्यांच्या मेंदूत मूळ भाग तेच आहेत. त्यांचं प्रमाण, त्यांची रचना आणि जोडणी बदलत गेली आहे. उत्क्रांतीने जुन्या मेंदूवर नवा मेंदू आणून ठेवलेला नाही. सगळाच मेंदू एकत्र बदलला.

भावनांच्या संदर्भात दोन भागांची नावं वारंवार येतात. एक ॲमिग्डाला. दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत खोलवर असलेले हे बदामाच्या आकाराचे पेशीपुंज. समोर आलेली गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे का, विशेषतः धोक्याची आहे का, हे ठरवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. दुसरा भाग कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. योजना आखणं, मोह आवरणं, पुढचा विचार करणं ही कामं त्याच्याशी जोडलेली आहेत. या दोघांमध्ये चेतातंतूंचं दाट जाळं आहे आणि निरोप दोन्ही दिशांनी जातात. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा डोळ्यांच्या खोबणींवरचा, मधला भाग तर दोन्हींचा सांधाच आहे. शरीराची अवस्था, जुने अनुभव आणि पुढच्या योजना यांची माहिती तिथे एकत्र येते. एलियटची इजा मुख्यतः याच भागात होती.

रेल्वेमार्गावरचा अपघात

या भागाला इजा झालेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे फिनिअस गेज. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ, रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचं काम चालू होतं. पंचवीस वर्षांचा गेज तिथे मुकादम होता. खडकातल्या भोकात सुरुंगाची दारू ठासताना ती पेटली आणि हातातली साडेतीन फुटांहून थोडी लांब, सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालाच्या हाडाखालून घुसून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो जगला, इतकंच नाही, तर थोड्याच वेळात बोलूही लागला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ साली लिहून ठेवलं, की कुशल आणि समतोल असलेला हा मुकादम अपघातानंतर लहरी आणि हट्टी झाला, बेत करायचा आणि लगेच सोडून द्यायचा. ओळखीच्यांना तो पूर्वीचा गेज वाटेनासा झाला.

गेजची कहाणी बहुतेक ठिकाणी इथेच संपते. पण त्याने पुढे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात अनेक वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं. लांबचा रस्ता, ठरलेल्या वेळा, उतारूंशी व्यवहार हे सगळं त्याला जमत होतं. त्याच्यात झालेला बदल काळाच्या ओघात बराच भरून निघाला असावा आणि दिवसाला बांधून ठेवणाऱ्या नियमित कामाची त्याला मदत झाली असावी, असं त्याच्या आयुष्याचा अभ्यास करणाऱ्यांना आज वाटतं. १८६० साली त्याचा मृत्यू झाला. त्याची कवटी आणि ती पहार आजही हार्वर्डच्या संग्रहात आहे. १९९४ साली हॅना दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कवटीच्या मोजमापांवरून संगणकावर पहारेचा मार्ग उभा केला, तेव्हा तो कपाळामागच्या याच भागातून गेल्याचं दिसलं.

पारड्यात वजनच नसेल तर

भावना नसली तर निर्णय का अडतो? दमासिओंच्या दुसऱ्या एका रुग्णाची गोष्ट इथे उपयोगी पडते. पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा दिल्या. तो डायरी काढून बसला आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूची आणि विरुद्धची कारणं सांगत राहिला. आधीच्या भेटीगाठी, हवामान, इतर कामं. शेवटी डॉक्टरांनीच दुसरी तारीख सुचवली; तो शांतपणे ‘बरं’ म्हणाला आणि डायरी मिटून निघाला.

त्याच्या एकाही कारणात चूक नव्हती. पण अर्धा तास असा घालवण्यात अर्थ नाही, हे जाणवून देणारी अस्वस्थता त्याच्यात नव्हती. समोरच्याचा वेळ जातो आहे, याचा संकोच नव्हता. विचार पर्याय मांडतो, पण कुठल्या पर्यायाला किती महत्त्व द्यायचं हे केवळ तर्काने निघत नाही. तराजूची दांडी कितीही सरळ असली, तरी पारड्यात वजनं पडल्याशिवाय ती कुठेच झुकत नाही. ती वजनं भावना टाकते.

याच रुग्णाचा दुसरा अनुभवही दमासिओंनी नोंदवला आहे. बर्फाने निसरड्या झालेल्या रस्त्यावरून तो गाडी चालवत आला. त्याच्या पुढची एक गाडी घसरली. चालक घाबरून ब्रेक दाबतो तेव्हा असं होतं. हा मात्र न डगमगता, नियमाप्रमाणे, सावकाश निघून आला. म्हणजे भीतीचा अभाव काही क्षणी फायद्याचाही ठरतो. नियम ठरलेला असेल, तेव्हा थंड डोकं उत्तम चालतं. आयुष्यातले बहुतेक निर्णय मात्र नियम ठरलेला नसतानाच घ्यावे लागतात. नोकरी बदलावी का, कोणावर विश्वास ठेवावा, म्हाताऱ्या आईला शहरात आणावं की गावीच राहू द्यावं, अशा प्रश्नांना सूत्र नसतं.

ही कल्पना तपासून पाहण्यासाठी अँटोईन बेकारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली पत्त्यांचा एक खेळ तयार केला. खेळणाऱ्याला खोटे पैसे आणि पत्त्यांच्या चार गड्ड्या दिल्या जातात. दोन गड्ड्यांत प्रत्येक पानाला शंभर डॉलर मिळतात, पण अधूनमधून मोठा दंड बसतो आणि एकूण तोटाच होतो. उरलेल्या दोन गड्ड्यांत पन्नासच मिळतात, पण दंड लहान असल्याने शेवटी फायदा होतो. हे आधी सांगितलेलं नसतं. खेळताना तळहाताच्या त्वचेवर सूक्ष्म घाम येतो का, हे यंत्राने मोजलं जातं.

निरोगी माणसं काही पानं उलटून झाल्यावर तोट्याच्या गड्डीकडे हात नेताना घामेजू लागली. खेळ नेमका कसा आहे हे त्यांना शब्दांत सांगता येण्याच्या आधीच शरीराने इशारा दिला आणि त्यांचा हात चांगल्या गड्ड्यांकडे वळू लागला. कपाळामागच्या त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांमध्ये हा इशारा उमटलाच नाही. विशेष म्हणजे, त्यांच्यातल्या काहींना कुठल्या गड्ड्या वाईट आहेत हे पुढे कळलं, ते त्यांनी सांगितलंही, आणि तरीही ते त्याच गड्ड्यांतली पानं काढत राहिले. कळतं पण वळत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण प्रयोगशाळेत क्वचितच पाहायला मिळतं.

या प्रयोगावर आक्षेपही घेतले गेले. २००४ साली टियागो माइया आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी खेळाडूंना अधिक बारकाईने प्रश्न विचारले. खेळाबद्दलची जाणीव समजली जाते त्यापेक्षा बरीच आधी आलेली असते, असं त्यांना आढळलं. त्यामुळे शरीर नेहमीच मनाच्या पुढे धावतं, असं म्हणता येणार नाही. पण नुसतं समजणं पुरेसं होत नाही, त्या समजण्याला टोचणी लागते, हा मुद्दा त्या आक्षेपानंतरही उभा राहतो.

भीती हरवलेली बाई

‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीचा अभ्यासही आयोवातच झाला. एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराने तिच्या दोन्ही बाजूंचे ॲमिग्डाला निकामी झाले होते. संशोधक तिला सापांच्या दुकानात घेऊन गेले, भुताटकीसाठी प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या इस्पितळात घेऊन गेले, भयपट दाखवले. ती कशालाही घाबरली नाही. सापांना हात लावायची तर तिला उत्सुकताच वाटली. पूर्वी एकदा रात्री बागेजवळून जाताना एका माणसाने तिच्या गळ्याला सुरा लावला होता. ती घाबरली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बागेवरून गेली.

तिची बुद्धी शाबूत होती. सुरा म्हणजे काय, त्याने काय होतं, हे तिला माहीत होतं. पण त्या माहितीने तिची वाट बदलली नाही. तिच्या आयुष्यात अशी संकटं पुन्हा पुन्हा आली.

या कथेचा पुढचा भागही महत्त्वाचा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेली हवा हुंगायला दिली. श्वास कोंडल्यासारखं होताच ती प्रचंड घाबरली. म्हणजे ॲमिग्डाला नसतानाही भीती निर्माण होऊ शकते. बाहेरच्या धोक्याची वाट वेगळी आणि शरीराच्या आतून येणाऱ्या धोक्याची वेगळी. म्हणूनच ‘ॲमिग्डाला हे भीतीचं केंद्र’ हे सोपं वाक्य अपुरं आहे. ॲमिग्डालाच्या संशोधनासाठी नावाजलेले जोसेफ लेडू हेसुद्धा पुढे हेच सांगू लागले: धोका ओळखून शरीराला सावध करणारी यंत्रणा वेगळी आणि ‘मला भीती वाटते आहे’ ही जाणीव वेगळी, त्या जाणिवेत विचार करणारे भागही सामील असतात.

ओळख पटते, माया वाटत नाही

भावना निर्णयालाच लागते असं नाही; साधी ओळख पटायलाही ती लागते. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोझेफ काप्ग्रा यांनी १९२३ साली वर्णन केलेल्या एका विकारात रुग्ण जवळच्या माणसाकडे पाहून म्हणतो, ‘ही माझ्या आईसारखी दिसते, पण ती माझी आई नाही, कोणीतरी तिचं सोंग घेतलं आहे.’

विल्यम हर्स्टाइन आणि विलयनूर रामचंद्रन यांनी १९९७ साली डोक्याला मार लागलेल्या अशाच एका तरुणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला चेहरे नीट ओळखू येत होते. पण आपलं माणूस दिसताच तळहातावर जो सूक्ष्म घाम यायला हवा, तो त्याला येत नव्हता. चेहरा ओळखणारा भाग आणि भावनेचे भाग यांच्यातला दुवा तुटला असावा, असं अनुमान त्यांनी काढलं. हाच तरुण फोनवर आईवडिलांचा आवाज ऐकताच त्यांना लगेच ओळखायचा, कारण आवाजाचा रस्ता वेगळा असतो आणि तो शाबूत होता.

या तरुणाची विचारशक्ती निकामी नव्हती, उलट ती कामाला लागली होती. चेहरा आईचा आहे, पण आतून काहीच वाटत नाही, हा विरोध तिला सोडवायचा होता. ‘ही तोतया आहे’ हे तिने शोधलेलं उत्तर. भावनेकडून चुकीची माहिती आली, की बुद्धी मोठ्या कौशल्याने चुकीच्या ठिकाणी जाऊन पोचते. हे फक्त रुग्णांचं होत नाही. एखाद्याबद्दल आधी मनात अढी बसते आणि मग तिला साजेशी कारणं आपल्याला भराभर सुचत जातात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

भावनाही चुकते

म्हणून भावनेची बाजू मांडताना तिला देव्हाऱ्यात बसवून चालणार नाही. स्मरणशक्तीचंच पाहा. ३० सप्टेंबर १९९३ला, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. ज्यांनी तो धक्का अनुभवला, ते आपण त्या वेळी कुठे झोपलो होतो, कोणी हाक मारून उठवलं, अंगणात कोण कोण जमलं, हे आजही सांगतात. तीव्र भावनेच्या वेळी सुटणारी संप्रेरकं ॲमिग्डालामार्फत स्मरण पक्कं करायला मदत करतात. १९९४ साली लॅरी केहिल, जेम्स मॅगॉ आणि सहकाऱ्यांनी याचा पुरावा दिला. एका मुलाच्या अपघाताची चित्रकथा लोकांना साधारणतः फार चांगली लक्षात राहते. पण ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारं औषध आधी दिलं, तर कथेचा भावनिक भाग इतर भागांसारखाच साधा लक्षात राहतो.

पण पक्की आठवण म्हणजे खरी आठवण नव्हे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ही बातमी कुठे आणि कशी कळली ते लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या काहींना तेच प्रश्न पुन्हा विचारले. अनेकांची उत्तरं पहिल्या उत्तरांशी जुळली नाहीत, पण आठवणीबद्दलची त्यांची खात्री मात्र जबरदस्त होती. भावना खात्री देते; अचूकपणाची हमी देत नाही.

शिवाय भावनेचा जोर एका मर्यादेपलीकडे गेला, की सांधाच ढिला पडतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टन यांनी दाखवलं आहे, की आपल्या ताब्यात नसलेल्या तीव्र ताणात डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं प्रमाणाबाहेर सुटतात आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या पेशींच्या जाळ्याचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं. सवयीने चालणारे, झटपट प्रतिक्रिया देणारे भाग तेव्हा पुढे येतात. समोरून ट्रक येत असेल तर हीच गोष्ट जीव वाचवते. घरातल्या भांडणात तीच गोष्ट वर्षानुवर्षं सलणारं वाक्य तोंडातून काढते. रागाच्या भरात निर्णय घेऊ नये, या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याला शरीरात खरा आधार आहे. किशोरवयीन मुलांना तर याची जास्त झळ लागते, कारण प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्यांना भरभरून वाटत असतं. ते सावरणारा भाग अजून घडत असतो. अशा मुलाला ‘अक्कल नाही’ म्हणणं चुकीचं आणि अन्यायाचंही आहे.

दाबणं वेगळं, नव्याने पाहणं वेगळं

मग भावनेचं करायचं काय? आपल्याकडे बहुतेकांना एकच मार्ग शिकवला जातो, तो म्हणजे गिळून टाकणं. मुलग्यांना रडू नको म्हणून, मुलींना आवाज चढवू नको म्हणून. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९०च्या दशकात याची पाहणी केली. त्रासदायक चित्रफीत पाहताना ज्यांनी भावना चेहऱ्यावर दिसू दिली नाही, त्यांचं आतलं वाटणं कमी झालं नाही. शरीरावरचा काही ताण उलट वाढला. दाबून ठेवण्याच्या खटाटोपात समोर काय चाललं आहे ते लक्षात राहण्यावरही परिणाम होतो, असं पुढच्या प्रयोगांत दिसलं.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच घटनेकडे नव्याने पाहणं. २००२ साली केव्हिन ऑक्सनर, ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी माणसांना क्लेशदायक छायाचित्रं दाखवली आणि त्यांचा वेगळा अर्थ लावायला सांगितलं, म्हणजे रुग्णाचं छायाचित्र असेल तर तो आता बरा होतो आहे असं समजायचं. अर्थ बदलताना मेंदूच्या प्रतिमांमध्ये प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे भाग अधिक सक्रिय झाले, ॲमिग्डालाची सक्रियता उतरली आणि वाटणारा त्रासही कमी झाला. २००७ साली मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाला आढळलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी ॲमिग्डालाची प्रतिक्रिया सौम्य होते. ‘मला कसंतरी होतंय’ इथे न थांबता हा राग आहे, की अपमान, की धास्ती, हे नेमकं सांगता येणं म्हणजे निम्मा उपचार आहे.

हे सगळं मेंदूच्या प्रतिमा उपलब्ध होण्यापूर्वीच उपचाराच्या खोलीत सुरू झालं होतं. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. घटना थेट भावना घडवत नाही. घटनेबद्दलचा आपला दृष्टिकोन ती घडवतो, हा तिचा गाभा. ‘मला प्रवेश मिळावा’ असं वाटणाऱ्या मुलीला अपयश आलं, तर तिला वाईट वाटेल. ‘मला प्रवेश मिळालाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ असं मानणारी मुलगी कोलमडून पडेल. एलिस वाईट वाटणं काढून टाकायला सांगत नाहीत. वाईट वाटणं योग्यच आहे, कारण ते पुन्हा प्रयत्न करायला लावतं. बदलायचा आहे तो हट्टाग्रह.

हा विचार मराठीत चांगला रुजला, हे आपलं भाग्य. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी आयुष्यभर त्याचा प्रसार केला, अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली आणि ठाण्याच्या ‘आयपीएच’ संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी व्याख्यानांतून, पुस्तकांतून तो सामान्य वाचकापर्यंत नेला.

विचाराने भावना बदलते, तशी कृतीनेही बदलते. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. ‘मन लागलं की उठेन’ याची वाट न पाहता आधी उठायचं, जमेल तेवढं काम करायचं, शेजाऱ्याशी बोलायचं, सोडून दिलेली आवडीची गोष्ट पुन्हा हाती घ्यायची, अशी सहा ते आठ भेटींची ही पद्धत होती. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली होती. फक्त नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. पावलं आधी पडली, मन मागून आलं.

भावनेचं शिक्षण

एलियट, एस. एम., तो तरुण आणि गोव्यातले रुग्ण यांचं सांगणं एकत्र ठेवलं तर काय हाती लागतं? भावना ही विचाराची शत्रू नाही. काय महत्त्वाचं आहे, हे विचाराला तीच सांगते. पण तिचं सांगणं जुन्या अनुभवांवर बेतलेलं असतं. तो अनुभव अपुरा असेल, भीती भलत्याच गोष्टीला चिकटली असेल, तिरस्कार ऐकीव असेल, तर वजनं खोटी पडतात आणि उत्तम बुद्धीचा माणूसही खोटं माप काढतो. ती वजनं तपासायचं काम विचाराचं. दोघांपैकी एकालाच घडवून भागत नाही.

आपल्या शाळांमध्ये गणिताचा, व्याकरणाचा सराव वर्षानुवर्षं करून घेतला जातो. मला आत्ता काय वाटतं आहे, ते या घटनेमुळे की मघाच्या भांडणामुळे, ते वाटणं मला काय करायला लावत आहे आणि तसं करणं मला पटतं का, हे चार प्रश्न स्वतःला विचारण्याचा सराव मात्र कोणी करून घेत नाही. तो घरी जेवताना होऊ शकतो, वर्गात एखादी गोष्ट वाचताना होऊ शकतो, दवाखान्यात पाच मिनिटं अधिक बसलं तर तिथेही होऊ शकतो. त्याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. समोरच्याचं ऐकून घेणारं माणूस लागतं.

आणि आपल्या मुलाला, मित्राला किंवा स्वतःला ‘भावना बाजूला ठेवून विचार कर’ असं सांगावंसं वाटेल, तेव्हा त्याऐवजी एवढंच म्हणावं: तुला जे वाटतं आहे ते नीट सांग, आणि मग आपण दोघं मिळून ते खरं आहे का ते पाहू. चांगल्या निर्णयाला या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्याही याच क्रमाने.